पद्मिनीची ठिणगी आणि पद्मिनीचा ब्रेक

“कारखाना बंद होऊन इतकी वर्षं झाली. मग हिचे पार्ट मिळतात तरी कुठे?”

मीरा रोडच्या एखाद्या सोसायटीच्या आवारात कव्हराखाली उभी असलेली प्रीमियर पद्मिनी पाहिली की येणारा-जाणारा हमखास हा प्रश्न विचारतो. उत्तर थोडक्यात देता येतं: मिळतात, आणि बरेचसे चर्चगेट लोकलनं जाऊन संध्याकाळपर्यंत घरी आणता येतात. अडचण पुढची आहे. दुकानदार काउंटरवर तीन पुडे ठेवतो. एक जुन्या, पिवळ्या पडलेल्या खोक्यातला, एक चकचकीत नवा आणि एक वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तिघांनाही तो “ओरिजिनल” म्हणतो. यातला कोणता घ्यायचा? या प्रकरणात इग्निशन आणि ब्रेक या दोनच बाबतींत हा प्रश्न सोडवू. गाडी सुरू होण्यासाठी आणि थांबण्यासाठी लागतात त्या याच दोन.

1. टॅक्सीनं जगवलेली गाडी

पार्ट अजून का मिळतात, हे कळलं की कुठे मिळतील हेही कळतं. त्यासाठी थोडा इतिहास लागेल.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात. मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि 1954 मध्ये फियाट 1100 आली. तिच्या गोलमटोल अंगामुळे लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ करून टाकलं. आज जिला आपण पद्मिनी म्हणतो त्या चौकोनी अंगाच्या गाडीची सुरुवात 1964 च्या ‘1100 डिलाइट’पासून झाली. 1972 मध्ये ती ‘प्रेसिडेंट’ झाली आणि 1974 मध्ये ‘पद्मिनी’. नाव तेवढं बदललं. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि गाडीचा मूळ साचा तोच राहिला. इटलीनं हे मॉडेल 1966 मध्ये सोडून दिलं, पण कुर्ल्यात ते 2000 पर्यंत निघत राहिलं.

म्हणजे छत्तीस वर्षं जवळजवळ एकच गाडी. त्यात मुंबईची काळी-पिवळी टॅक्सीही हीच. टॅक्सीचे पॉइंट, प्लग, ब्रेक शू, वॉशर सतत संपायचे. त्यामुळे हे पार्ट बनवणारे छोटे कारखाने आणि विकणारी दुकानं गल्लोगल्ली तगली. टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा आहे. पद्मिनीची शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, ती ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली.

माझ्या मते पार्टच्या बाजाराचे दोन कालखंड इथे वेगळे होतात. टॅक्सी होती तोवर माल शेल्फवर पडून राहत नसे. आलेला विकला जायचा, पुन्हा ताजा यायचा. आता घेणारे हौशी आणि थोडे. माल आहे, पण तो कधीचा आहे हे विचारावं लागतं. रबराच्या पार्टच्या बाबतीत तर सगळ्यात आधी.

2. दोन बिघाडांमधला फरक

इग्निशन बिघडलं तर गाडी चालत नाही. ब्रेक बिघडला तर गाडी थांबत नाही. पार्ट निवडण्याचे सगळे नियम या एका फरकातून निघतात.

इग्निशनचा हलका कंडेन्सर बसवला तर काय होईल? काशिमीऱ्याच्या सिग्नलला गाडी बंद पडेल, मागचे हॉर्न वाजवतील, तुम्ही गाडी ढकलून कडेला घ्याल. त्रास होईल, इजा नाही. म्हणून इग्निशनमध्ये प्रयोगाला जागा आहे. जुना साठा चालतो, दुसऱ्या गाडीतून काढलेला चांगल्या स्थितीतला डिस्ट्रिब्युटर चालतो, नव्या पद्धतीचं इलेक्ट्रॉनिक किटही चालतं. हलका मास्टर सिलिंडर मात्र गायमुखच्या उतारावर दगा देईल, आणि तिथे कडेला घ्यायला वेळ नसतो. ब्रेकमध्ये वापरलेला रबरी पार्ट घ्यायचा नाही, वय माहीत नसलेला घ्यायचा नाही, आणि “बसतोय ना, मग झालं” हे वाक्य तर ऐकायचंच नाही.

बहुतेक मालक नेमकं उलट करतात. ठिणगीसाठी परदेशातून महागडी कॉइल मागवतात आणि ब्रेकसाठी “तात्पुरतं काहीतरी बसव” म्हणतात. गाडी सुरू होताना इंजिनाचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो, ब्रेकचं काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. त्यामुळेच असं होत असावं.

3. ठिणगी पडते कशी

बॅटरी 12 व्होल्टची. प्लगच्या फटीत ठिणगी उडवायला मात्र हजारो व्होल्ट लागतात. एवढा दाब येतो कुठून?

इमारतीच्या पाइपातून पाणी जोरात वाहत असताना कुणी नळ झटकन बंद केला तर पाइप ‘धाड्’ करून आदळतो. वाहतं पाणी एकदम अडलं की क्षणभर दाब कितीतरी वाढतो. कॉइलमध्ये विजेचं असंच होतं. कॉइलच्या आतल्या जाड तारेतून प्रवाह वाहत असतो. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडतात आणि प्रवाह झटक्यात तुटतो. त्या झटक्यानं शेजारच्या हजारो वेढ्यांच्या बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्टपर्यंत दाब उठू शकतो. तो रोटरमधून, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून आणि जाड वायरीतून योग्य त्या प्लगपर्यंत पोचतो.

झटका जितका स्वच्छ तितकी ठिणगी जोरकस. पॉइंट उघडताना त्यांच्यामध्येच ठिणगी उडाली तर प्रवाह तुटायला वेळ लागतो आणि प्लगपर्यंत जोर पोचत नाही. हे टाळायला पॉइंटला जोडून एक छोटा डबीसारखा कंडेन्सर असतो. तो त्या क्षणीची वीज स्वतःकडे घेतो. अंगठ्याएवढा हा पार्ट खराब झाला की पॉइंट काळे पडतात, गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाली की मुकाट सुरू होते. मेकॅनिक कार्ब्युरेटर उघडून बसतो आणि दोष राहतो बाजूला.

आता हे काम किती वेगानं चालतं ते पाहू. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतंय असं धरा. चार सिलिंडरच्या, चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. म्हणजे मिनिटाला 6000, सेकंदाला 100. दोन ठिणग्यांमध्ये सेकंदाचा शंभरावा भाग मिळतो, आणि त्यातही पॉइंट बंद असतात तेवढ्याच वेळात कॉइलला पुढच्या ठिणगीची तयारी करायची असते. पॉइंटची फट गरजेपेक्षा मोठी ठेवली तर बंद राहण्याचा वेळ घटतो आणि वेग वाढला की ठिणगी अशक्त होते. फट साधारण 0.4 ते 0.5 मिलिमीटरच्या दरम्यान असते. नेमका आकडा हँडबुकात पाहावा आणि फिलर गेजनं मोजावा. ब्लेडच्या पात्यानं किंवा व्हिजिटिंग कार्डानं फट लावणारे जुने हात आहेत. त्यांचा अंदाज चुकत नाही, असं तेच सांगतात.

4. इग्निशनचे पार्ट निवडताना

कॉइलपासून सुरुवात करू, कारण तिथे दहा सेकंदांत परीक्षा घेता येते. कॉइल दोन प्रकारच्या असतात. एक थेट 12 व्होल्टवर चालणारी, हिच्या दोन छोट्या टोकांमध्ये साधारण 3 ओहम रोध दिसतो. दुसरी बाहेरच्या रेझिस्टरबरोबर चालणारी, तिचा रोध साधारण दीड ओहम. बाहेरून दोघी सारख्याच दिसतात. दुसरी चुकून पहिलीच्या जागी बसली तर काय होतं? 12 व्होल्टला 3 नं भागलं की 4 अँपिअर. दीडनं भागलं की 8. पॉइंटमधून दुप्पट प्रवाह गेला की ते थोड्याच दिवसांत जळतात, कॉइल तापते, आणि दुकानदाराला “पॉइंट डुप्लिकेट दिलेस” म्हणून बोल लागतो. लॅमिंग्टन रोडला साधा मल्टिमीटर स्वस्तात मिळतो. तो खिशात घालूनच कॉइल घ्यायला जावं.

जुन्या साठ्यातले, म्हणजे त्या काळी बनलेले पण न वापरलेले पॉइंट मिळाले तर आनंदानं घ्या. धातूचा पार्ट पडून फारसा बिघडत नाही. बारीक घासकागदानं टोकं पुसली की काम होतं. जुन्या साठ्यातल्या कंडेन्सरचा तेवढा भरवसा धरू नका, कारण त्याच्या आतलं आवरण वयानुसार ओलावा धरतं. घेतलात तर दोन घ्या, एक गाडीच्या डिकीत ठेवा.

रोटर आणि टोपी घेताना हलकं प्लॅस्टिक ओळखायचं. चांगल्या टोपीची आतली पितळी टोकं घट्ट रुतलेली असतात, मधला कोळशाचा दाणा स्प्रिंगवर हलतो, साच्याच्या रेघा गुळगुळीत असतात. हलक्या रोटरमधून वीज शाफ्टकडे गळते आणि गाडी कारण न दाखवता अडखळते. नवा रोटर लावल्यावर दोष आला तर आधी तो नवा रोटरच काढून जुना लावून पाहा. नव्या पार्टवर संशय घ्यायला आपण कचरतो, आणि दुकानदाराचं फावतं.

प्लगच्या बाबतीत तीन गोष्टी जुळायला हव्यात: आट्यांचा व्यास, आट्यांची लांबी आणि उष्णता झेलण्याचा दर्जा. आटे जास्त लांब असतील तर प्लगचं टोक आत पुढे येऊन पिस्टनला लागू शकतं. उष्णतेच्या दर्जाची गंमत अशी की कंपन्यांचे आकडे उलटसुलट धावतात. एनजीकेचा आकडा मोठा असेल तर प्लग ‘थंड’, बॉशचा मोठा असेल तर ‘गरम’. त्यामुळे एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या खोक्यावर शोधू नये, तुलना-तक्ता मागावा. जुन्या मॅन्युअलमध्ये ‘मायको’चा नंबर दिलेला असतो. बंगळूरची 1951 सालची ही कंपनी 2008 पासून बॉश लिमिटेड या नावानं चालते. मायकोचा नंबर घेऊन बॉशच्या विक्रेत्याकडे गेलं की वाट सापडते.

या सगळ्याआधी मात्र डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटानं बाजूला हलवून पाहा. तो डुगडुगत असेल तर पॉइंटची फट प्रत्येक फेऱ्याला बदलते आणि कितीही चांगले पॉइंट टाकलेत तरी टायमिंग जागेवर राहत नाही. तेव्हा खर्च शाफ्ट ज्यात फिरतो त्या बुशवर करायचा, पॉइंटवर नाही.

इलेक्ट्रॉनिक किटबद्दल हौशी मंडळींत दोन तट आहेत. यात पॉइंटच्या जागी एक छोटा संवेदक बसतो, झीज होत नाही आणि बाहेरून टोपी जुनीच दिसते. गाडी रोज वापरायची असेल तर मला हे किट शहाणपणाचं वाटतं. अट एकच: जुनी पॉइंटची पट्टी कंडेन्सरसकट डिकीत ठेवायची. किट रस्त्यात गेलं तर नाक्यावरचा मेकॅनिक ते दुरुस्त करू शकत नाही, पॉइंट मात्र बसवू शकतो.

एक सावधगिरीची सूचना. ‘प्रीमियर’ एवढंच सांगितलं तर दुकानदार 118 एनईचा माल हातात ठेवू शकतो. ती गाडी 1985 ची, इंजिन निसानचं. तिचे इग्निशनचे पार्ट पद्मिनीला चालत नाहीत.

5. पायाचा जोर चाकापर्यंत

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. पाय पॅडलवर पडला की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या द्रव पुढे ढकलतो. द्रव दाबला जात नाही, म्हणून दाब पाइपांतून चारही चाकांशी सारखा पोचतो. तिथल्या व्हील सिलिंडरचे दट्टे बाहेर सरकतात, ब्रेक शू ड्रमच्या आतल्या बाजूला घासतात आणि चाक मंदावतं.

इथे एक छोटं गणित करण्यासारखं आहे. गाड्यांच्या सिलिंडरचा बोअर अनेकदा इंचात मोजतात, आणि आपले लेथवाले तो सुतात सांगतात. आठ सुतांचा एक इंच. मास्टर सिलिंडर सहा सुती आहे, म्हणजे पाऊण इंची, असं धरू. पायाचा जोर 20 किलो आणि पॅडलची दांडी तो पाचपट करते असंही धरू. दट्ट्यावर 100 किलो आले. सहा सुती दट्ट्याचं क्षेत्रफळ साधारण 2.85 चौरस सेंटिमीटर, म्हणून द्रवात दाब आला प्रत्येक चौरस सेंटिमीटरला 35 किलो.

आता दुकानदारानं त्याच दिसण्याचा, त्याच भोकांचा, पण सात सुती मास्टर दिला. क्षेत्रफळ झालं 3.88. तेवढ्याच पायाला दाब मिळेल 26 किलोच्या आसपास, म्हणजे चौथ्या भागाहून अधिक घट. आणि गोम अशी की पॅडल आधीपेक्षा कडक आणि वरच्या वर लागतं, कारण मोठा दट्ट्या थोड्याशा हालचालीत पुरेसा द्रव पुढे सारतो. मालक पाय दाबून म्हणतो, “वा, आता ब्रेक मस्त झाला!” प्रत्यक्षात गाडी थांबायला जास्त अंतर घेते.

म्हणून सिलिंडरच्या अंगावर ओतीव अक्षरात बोअरचा आकडा शोधायचा, आणि नसेल तर व्हर्नियरनं मोजूनच पैसे द्यायचे. जुना सिलिंडर सोबत नेऊन नवा शेजारी ठेवला तरी हे कळत नाही, कारण फरक आत असतो.

जुन्या गाड्यांत आणखी एक गोष्ट असते. मास्टर सिलिंडर एकच आणि चारही चाकांची वाटही एकच. एक पाइप फुटला की सगळा दाब जातो. अलीकडच्या गाड्यांत दोन स्वतंत्र वाटा असतात, म्हणून एक गेली तरी दुसरी थोडंफार थांबवते. एकाच वाटेच्या गाडीत स्वस्तातला होस लावणं म्हणजे चारही चाकांचा ब्रेक त्या एका होसवर सोडणं आहे.

6. ब्रेकमध्ये काय घ्यावं, काय नाही

रबर आधी. मास्टर आणि व्हील सिलिंडरमधले वॉशर, धुळीपासून जपणारी बुटं आणि चाकांकडे जाणारे होस हे तिन्ही वयानं मरतात, वापरानं नव्हे. पुडा कधीच न फुटलेला असला तरी वीस वर्षांचं रबर वीस वर्षांचंच. पॉइंटच्या बाबतीत जो जुना साठा सोनं, तोच इथे कचरा. होस वाकवून पाहिला आणि बारीक भेगा दिसल्या तर प्रश्नच मिटला. पण आतून फुगलेला होस बाहेरून सुंदर दिसतो. तो पायाच्या जोरावर द्रव पुढे जाऊ देतो, परत मात्र येऊ देत नाही. एक चाक अडकून राहतं, गाडी एका बाजूला ओढते, आणि मेकॅनिक शूला दोष देत बसतो.

सिलिंडरचं धातूचं अंग मात्र वाचवता येतं. आत गंजाचे खड्डे पडले असतील तर लेथवर बोअर मोठा करून त्यात पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवतात आणि मूळ मापाला आणतात. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलच्या भांड्यांचे कारखाने वर्षानुवर्षं चाललेत, त्यामुळे लेथचं काम जाणणारे हात या गावात दूर शोधावे लागत नाहीत. काम देताना बोअर लिहून द्या आणि आतला भाग आरशासारखा गुळगुळीत हवा हे बजावा. खरखरीत स्लीव्ह नवे वॉशर महिन्याभरात खाते. बाजारात मूळ कंपनीचा सिलिंडर मिळत नसेल तर निनावी नव्यापेक्षा असं पुन्हा जिवंत केलेलं जुनं अंग मी पसंत करीन.

नटांचे आटे हा छुपा धोका. फियाटचं घराणं इटालियन, तिचे आटे मेट्रिक. अँबॅसिडरचं घराणं इंग्रजी, तिचे इंची. ब्रेक पाइपाचा तीन सुती नट साडेनऊ मिलिमीटरचा, मेट्रिक नट दहाचा. इंची नट मेट्रिक भोकात दोन-चार वेढे छान फिरतो, बसल्यासारखा वाटतो आणि जोर आल्यावर निसटू शकतो. बोटानं शेवटपर्यंत सहज गेला नाही किंवा सैल डुलला तर पाना लावू नका. पाइप बदलताना फ्रिजची तांब्याची नळीही लावू देऊ नका. ती वाकवायला सोपी असते एवढाच तिचा गुण.

ब्रेक शूच्या लोखंडी पट्ट्या टिकतात, त्यांना नवं लायनर चिकटवून किंवा रिव्हेट मारून घेता येतं. चेन्नईची राणे ब्रेक लायनिंग 1964 मध्ये या धंद्यात आली, आणि चेन्नईजवळच्या पाडी इथली ब्रेक्स इंडिया 1962 मध्ये. अशा नामांकित कंपनीचं लायनर मागा. ड्रम लेथवर घासून घेतला असेल तर त्याचा व्यास वाढलेला असतो, मग नेहमीचं लायनर फक्त मधोमध टेकतं. शू ड्रमच्या गोलाईला घासून जुळवायला सांगा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, आणि त्याची धूळ कर्करोगाचं कारण ठरते. ड्रम उघडल्यावर हवेच्या पाइपानं किंवा फुंकरीनं धूळ उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. गॅरेजमधल्या पोऱ्यालाही हे सांगायचं.

राहिला द्रव. डॉट 3 कोरडा असताना साधारण 205 अंश सेल्सिअसला उकळतो, पण हवेतलं पाणी शोषून घेतल्यावर 140 च्या आसपासच. उतारावर ब्रेक तापले की तो उकळतो, वाफ दाबली जाते आणि पॅडल तळाला जातं. म्हणून तो दोन वर्षांनी बदलावा, उघडा ठेवलेला डबा पुन्हा वापरू नये. डॉट 5 हा सिलिकोनचा वेगळा प्रकार आहे, तो यात मिसळत नाही. आणि इंजिन ऑइलचा एक चमचा जरी त्या भांड्यात पडला तरी सगळे वॉशर फुगून निकामी होतात. तसं झालं तर नुसता द्रव बदलून भागत नाही, रबर सगळं नवं घालावं लागतं.

काम झाल्यावर ब्रेकच्या पाइपांतली एअर काढा, पॅडल दाबून मिनिटभर धरा. ते हळूहळू खाली गेलं तर गळती आहे किंवा मास्टर आतून सुटतोय. पहिली चाचणी आवारात, चालण्याच्या वेगानं घ्यायची, हायवेवर नाही.

7. बाजारात

भाईंदरहून चर्चगेट लोकल, उतरायचं चर्नी रोडला. ऑपेरा हाउसच्या परिसरात मोटारींच्या सुट्या भागांची जुनी दुकानं आहेत. नव्या आणि जुन्या साठ्यातल्या मालासाठी हीच पहिली फेरी. कुर्ल्याचा सीएसटी रोड मोडीत निघालेल्या गाड्यांच्या भागांसाठी. डिस्ट्रिब्युटर, ड्रम, शूच्या पट्ट्या, सिलिंडरची अंगं तिथे शोधा, रबर शोधू नका. पुण्याला जाणं होत असेल तर नाना पेठ बघा. इटलीत फियाट 1100 जपणारे हौशी अजून आहेत, त्यामुळे रबराची किट आणि पॉइंट तिकडूनही मागवता येतात. मात्र कुर्ल्याच्या गाडीत वर्षांच्या ओघात भारतीय पुरवठादारांचे भाग आले, म्हणून इटालियन माप आधी आपल्या गाडीवर पडताळायचं आणि मगच पैसे पाठवायचे.

जाताना गाडीचं साल, जुना पार्ट, त्यावरचा नंबर आणि व्हर्नियर सोबत हवा. दुकानात “पद्मिनीचा मास्टर द्या” म्हणू नका. “हा बोअर, हे आटे, असा मास्टर आहे का?” असं विचारा. दुकानदाराचा स्वर लगेच बदलतो.

पुडा वाचायला शिका. पॅकबंद मालावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-साल आणि कमाल किंमत छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. नव्या पुड्यावर यातलं काही नसेल तर त्यावर कितीही मोठ्या कंपनीचं नाव असो, ब्रेकसाठी तो घेऊ नये. छपाई फिकट, स्पेलिंग चुकलेलं, होलोग्रामऐवजी चमकी कागद, ही खूण तर सगळे सांगतात. मला जास्त उपयोगी वाटते ती बिलाची खूण. पक्कं बिल मागितल्यावर जो “साहेब, ओरिजिनलला बिल कशाला?” म्हणतो, त्याच्याकडून प्लग घ्यावा, होस नाही.

8. खाडीकाठची हवा

मीरा-भाईंदरच्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र आणि मध्ये मिठागरं. या खारट, दमट हवेत टोपीतली पितळी टोकं हिरवी पडतात, वायरींच्या टोकांवर पांढरी पूड साठते आणि पावसाळ्यात पहाटे गाडी सुरू व्हायला कुरकुरते. टोपी काढून कोरड्या फडक्यानं पुसली तरी बऱ्याचदा काम होतं. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये, शू ड्रमला गंजानं चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये टाकून चाकाला लाकडाचा ठोकळा लावावा. रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर ड्रम ओले होतात आणि ब्रेक क्षणभर लागतच नाही. हळू चालवत पॅडल दोन-तीनदा हलकं दाबून ते वाळवून घ्यावेत.

9. कागद आणि जुना पार्ट

केंद्र सरकारनं जुलै 2021 मध्ये विंटेज वाहनांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली दुचाकी-चारचाकी त्यात नोंदता येते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि नोंदणी दहा वर्षं चालते. नव्या नोंदणीचं शुल्क त्या वेळी 20 हजार रुपये ठरलं. सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. पॉइंट, शू, होस बदलणं ही देखभाल झाली. पण अशी नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा मोजक्या कामांसाठीच. पद्मिनी या नावाच्या पहिल्या गाड्यांनी 2024 मध्ये पन्नाशी गाठली, म्हणून हा निर्णय आता पुष्कळ मालकांपुढे आहे. रविवारी उत्तनपर्यंत चक्कर मारायची हौस असेल तर साध्या नोंदणीचंच नूतनीकरण करत राहणं बरं.

आणि मालकांना एक विनंती. नवा पार्ट बसला की जुना भंगारवाल्याला देऊ नका. झिजलेला मास्टर सिलिंडर, जळलेले पॉइंट, तुटकी टोपी, सगळं डब्यात घालून त्यावर गाडीचं साल, बोअर, आटे आणि कुठे काय मिळालं ते लिहून ठेवा. उद्या लेथवाल्याला नमुना लागेल, आणि तो दुसऱ्या कुठल्याही दुकानात मिळणार नाही.